चूक काढावी की लिहून ठेवावी?

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय जरा आडवळणाचा आहे. जहाजावरचं होकायंत्र. म्हणजे खरं तर त्यातली चूक, आणि ती चूक कशी हाताळावी यावरून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये झालेलं जंगी भांडण. भांडण दीडशे वर्षांहून जुनं आहे, पण मला विचाराल तर ते मिटलेलं नाही. आपल्या खिशातल्या फोनमध्ये ते अजून चालू आहे आणि बहुतेक अ‍ॅप बनवणारे त्यात चुकीच्या बाजूला उभे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी थोडं बेसिक. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. तसं नाहीये. सुई पृथ्वीच्या चुंबकीय उत्तरेकडे बघते, आणि ती उत्तर व नकाशातली उत्तर यांत जागेनुसार फरक असतो. दर्यावर्दी लोक याला व्हेरिएशन म्हणतात. मुंबईत हा फरक सध्या एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे आपल्याला तो कधी जाणवत नाही. पण जगात इतर ठिकाणी तो वीस-वीस अंशांचाही असतो. तरी ही चूक तशी गरीब बिचारी. नकाशावर छापलेली असते, बेरीज-वजाबाकी करा आणि पुढे चला.

खरा घोळ घालते ती दुसरी. डेव्हिएशन. ही चूक पृथ्वीची नाही, जहाजाची. जहाजातलं लोखंड सुईला आपल्याकडे ओढतं. आणि यातली खोच अशी की जहाजाचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर चूक किती ते ठरतं! उत्तरेकडे जाताना शून्य, पूर्वेकडे वळलात की सात अंश इकडे, पश्चिमेकडे वळलात की सात अंश तिकडे, असं काहीतरी. म्हणजे ज्या यंत्राला विचारून वळायचं, ते यंत्र वळल्यावर उत्तर बदलतं. एक अंशाची चूक म्हणजे साठ मैलांमागे साधारण एक मैल. पाच अंशांची चूक घेऊन रात्रभर चाललात तर सकाळी तुम्ही आहात असं ज्या ठिकाणी समजताय, तिथे तुम्ही नसता.

ही भानगड पहिल्यांदा नीट नोंदवणाऱ्या माणसाचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध आहे. जुआंव द कास्त्रू हा पोर्तुगीज अधिकारी १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला आला. (पुढे १५४५ मध्ये तोच पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला.) पेद्रो नुनेस या गणितज्ञानं सुचवलेलं सावलीचं उपकरण घेऊन हा गृहस्थ वाटेत जिथे जमेल तिथे सूर्य आणि सुई ताडून बघत होता. जवळ ठेवलेल्या तोफेमुळे सुई बहकते हे त्याच्या लक्षात आलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या वसईजवळ त्याला दिसलं की तिथले खडकसुद्धा सुईला फिरवतायत. आपल्या काळ्या पाषाणात चुंबकीय खनिज असतं हे आज आपल्याला माहीत आहे. त्याला ते माहीत असणं शक्यच नव्हतं. त्याने फक्त मोजलं आणि लिहून ठेवलं. त्यानंतर अडीचशे वर्षं त्या नोंदीचं कुणी फारसं काही केलं नाही. असो.

मग आला मॅथ्यू फ्लिंडर्स. १८०१ ते १८०३ या काळात ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाच्या जहाजातून त्याने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा काढला. जहाज लाकडी, पण तोफा, नांगर, खिळे वगैरे लोखंड होतंच. नकाशा काढणाऱ्याला अर्धा अंशसुद्धा खुपतो. फ्लिंडर्सच्या लक्षात आलं की उत्तर-दक्षिण जाताना सुई ठीक असते, पूर्व-पश्चिम जाताना सर्वात जास्त बिघडते. याहून भारी गोष्ट म्हणजे उत्तर गोलार्धात ज्या बाजूला बिघडायची, दक्षिण गोलार्धात त्याच्या बरोब्बर उलट बाजूला! यावरून त्याने ताडलं की जहाजातलं उभं लोखंड पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे तात्पुरतं चुंबक बनतं, आणि पृथ्वीचं चुंबकीय बल गोलार्ध बदलला की उभ्या दिशेत उलटतं, म्हणून चूकही उलटते. उपाय म्हणून त्याने होकायंत्राजवळ एक उभी लोखंडी कांब ठेवायला सुचवली, जी उलट बाजूने ओढेल आणि गोलार्ध बदलला की जहाजाबरोबर स्वतःही बदलेल. आजही या कांबीला ‘फ्लिंडर्स बार’च म्हणतात.

या माणसाचं नशीब मात्र फारच वाईट. परत येताना मॉरिशसला फ्रेंचांनी त्याला पकडलं आणि १८०३ पासून १८१० पर्यंत अडकवून ठेवलं. सुईच्या चुकीवरचा त्याचा निबंध १८०५ मध्ये रॉयल सोसायटीने छापला, तेव्हा हा तिकडे कैदेतच. १८१४ च्या जुलैमध्ये त्याचं मोठं पुस्तक प्रसिद्ध झालं आणि लगेच तो वारला. वय चाळीस.

इथपर्यंत जहाजं लाकडी होती. लोखंडी जहाजं आल्यावर चूक दोन-चार अंशांची राहिली नाही, दशकांत मोजावी इतकी झाली. १८३८ मध्ये इंग्लंडचा राजज्योतिषी जॉर्ज एअरी याला ‘रेनबो’ नावाची लोखंडी आगबोट प्रयोगासाठी मिळाली. एअरी म्हणजे गणितातला पक्का आणि स्वभावाने हट्टी माणूस. त्याने बोट सगळ्या दिशांना फिरवली, मोजमापं घेतली, आणि ठरवलं की या चुकीचे दोन भाग आहेत. एक, जहाजाचं कायमचं चुंबकत्व, जे जहाज बांधताना हातोड्यांच्या घावांनी लोखंडात शिरतं (जहाज गोदीत ज्या दिशेला तोंड करून पडलं होतं ती दिशा त्यात अक्षरशः ठोकून बसवलेली असते). दुसरा, मऊ लोखंडाचं तात्पुरतं चुंबकत्व. पहिल्यावर उपाय म्हणजे होकायंत्राजवळ उलट दिशेने ठेवलेले कायमचे चुंबक. दुसऱ्यावर उपाय म्हणजे बाजूला ठेवलेलं मऊ लोखंड. झालं, सुई सरळ. व्यापारी कंपन्या खूश. आणि हे काही थोतांड नव्हतं बरं का, एअरीचं गणित चोख होतं.

नौदलाला मात्र हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं: होकायंत्र लोखंडापासून शक्य तितक्या दूर ठेवा, त्याला हात लावू नका, जहाज सगळ्या दिशांना फिरवून प्रत्येक दिशेची चूक मोजा आणि तक्ता बनवून भिंतीवर लावा. सुईला खोटं बोलू द्या, पण किती खोटं बोलते ते आपल्याला ठाऊक असू द्या.

तर हे झाले दोन पक्ष. एक म्हणतो चूक काढून टाका. दुसरा म्हणतो चूक लिहून ठेवा. आपल्या धंद्यातल्या कुणालाही ही मारामारी ओळखीची वाटेल.

२१ जानेवारी १८५४. ‘टेलर’ हे कोरं करकरीत लोखंडी जहाज लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालेलं, पहिलीच सफर. निघण्याआधी होकायंत्रं चुंबक लावून ‘दुरुस्त’ केलेली. समुद्रात शिरल्यावर जहाजावरची होकायंत्रं एकमेकांशी जुळेनात. कॅप्टनला वाटत होतं आपण आयरिश समुद्रातून दक्षिणेला चाललोय. प्रत्यक्षात जहाज पश्चिमेला, आयर्लंडच्या दिशेने सरकत होतं. दोन दिवसांत ते डब्लिनजवळच्या लँबे बेटाच्या खडकांवर आदळलं. जहाजावर साडेसहाशेच्या आसपास माणसं होती, त्यातली निम्म्याहून जास्त गेली. बायका आणि मुलं तर फारच थोडी वाचली. दोष एकट्या होकायंत्राचा नव्हता, हे सांगायला हवं. खलाशी नवखे होते, वादळ होतं, आणि कॅप्टनने पाण्याची खोली मोजली नाही यावरही चौकशीत बोट ठेवलं गेलं. पण नेमकं हेच बघा ना. खोली मोजावी असं माणसाला कधी वाटतं? आपण कुठे आहोत याची शंका आली तर.

विल्यम स्कोर्सबी नावाचा एक भन्नाट माणूस यानंतर एअरीच्या विरोधात उभा राहिला. आधी देवमासे पकडणाऱ्या जहाजाचा कप्तान, नंतर पाद्री, आणि सदैव चुंबकवेडा. त्याचा मुद्दा असा की तुम्ही ज्याला ‘कायमचं’ म्हणताय ते चुंबकत्व नव्या जहाजात कायमचं नसतंच. हातोड्यांनी जे आत शिरलं ते लाटांच्या माऱ्याने बाहेर पडतं. गोदीत उत्तरेला तोंड करून बांधलेलं जहाज चार दिवस दक्षिणेकडे लाटा खात गेलं की त्याचं चुंबकत्व बदलायला लागतं, आणि तुमचे दुरुस्तीचे चुंबक मात्र बंदरातल्या जुन्या चुकीला दुरुस्त करत बसतात. एअरीने हे मानलं नाही. जाहीर वादावादी झाली. शेवटी स्कोर्सबी १८५६ मध्ये, साठी उलटलेली असताना, ‘रॉयल चार्टर’ या लोखंडी जहाजात बसून मेलबर्नला गेला आणि परत आला, केवळ मोजायला! त्याच्या नोंदींनी दाखवलं की जहाजाचं चुंबकत्व वाटेत खरोखरच खूप बदलतं. पुढच्याच वर्षी तो वारला.

इथे एक तांत्रिक गंमत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि सगळ्या प्रकरणाचं मर्म त्यातच आहे. आर्चिबाल्ड स्मिथ नावाच्या एका वकिलाने (हो, वकील! दिवसा कोर्टाचं काम, फावल्या वेळात गणित. याला म्हणतात वीकेंड प्रोजेक्ट) डेव्हिएशनचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं. पाच आकडे, ए पासून ई पर्यंत. ए म्हणजे स्थिर चूक, यंत्र वाकडं बसवलंय वगैरे. बी आणि सी म्हणजे जहाज एक पूर्ण फेरी फिरलं की एकदा वर-खाली होणारी चूक, साइन आणि कोसाइन. डी आणि ई म्हणजे एका फेरीत दोनदा वर-खाली होणारी. इंजिनिअरिंगला फोरिएर सिरीज शिकलेल्यांना कळलंच असेल काय चाललंय. आठ दिशांना मोजा, पाच आकडे काढा, की कुठल्याही दिशेची चूक हातात.

आता खोच. यातला बी हा आकडा दोन वेगवेगळ्या कारणांनी तयार होतो. एक एअरीचं कायमचं चुंबकत्व, दुसरं फ्लिंडर्सचं उभं मऊ लोखंड. आणि एका बंदरात उभं राहून तुम्ही कितीही मोजलंत तरी यातला कुणाचा वाटा किती ते कळू शकत नाही. दोन बग, एकच लक्षण. लिव्हरपूलमध्ये तुम्ही सगळ्या बी ला चुंबक लावून टाकलात तर लिव्हरपूलमध्ये सुई अगदी सरळ. दक्षिण गोलार्धात उभ्या लोखंडाचा वाटा उलटा झाला की मात्र तुमचा चुंबक आणि ते लोखंड एकाच बाजूने ओढायला लागतात. म्हणजे दुरुस्ती केलीच नसती तर त्या लोखंडाने जितकी ओढ लावली असती, त्याच्या दुप्पट! वाटा वेगळा काढायला एकच उपाय: वेगळ्या अक्षांशावर जा आणि पुन्हा मोजा. बंदरात बसून हे सुटत नाही. (चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकावरून जातं, म्हणजे मुंबईहून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या जहाजाला हा सगळा प्रकार थेट लागू आहे.)

हुबेहूब असाच किस्सा मी एका कंपनीच्या जुन्या हजेरी-सिस्टीममध्ये पाहिलाय. कोडमध्ये एका ठिकाणी नुसतं ‘३३० मिळवा’ असं लिहिलेलं. कॉमेंट नाही, तारीख नाही. साडेपाच तास म्हणजे ३३० मिनिटं, भारतीय वेळेसाठी कुणीतरी घातलेले. जोवर सगळे कर्मचारी पुण्यात होते तोवर सगळं सुरळीत. सिंगापूरचं ऑफिस उघडल्यावर तिथल्या लोकांची हजेरी रोज अडीच तासांनी चुकायला लागली, आणि कारण सापडायला तीन आठवडे गेले. घालणाऱ्याने चूक केली नव्हती. त्याची दुरुस्ती जिथे केली तिथे शंभर टक्के बरोबर होती. एअरीसारखीच.

मग मी कुणाच्या बाजूचा? सरळ नौदलाच्या, असं म्हणायचा मोह होतो, पण तेही खरं नाही. चूक फार मोठी असेल तर नुसता तक्ता चालत नाही. काही दिशांना जहाजाचं लोखंड पृथ्वीचं बल जवळजवळ मारून टाकतं, सुई सुस्त होते, आणि तक्त्यातल्या शेजारच्या दोन दिशा एकमेकींत मिसळायला लागतात. लोखंडी जहाजाला दुरुस्ती हवीच. त्या बाबतीत एअरी बरोबर होता.

तोडगा काढला विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे जो लॉर्ड केल्विन झाला त्याने. एका मासिकाने त्याला होकायंत्रावर लेख मागितला. पहिला भाग १८७४ मध्ये आला, दुसरा १८७९ मध्ये! मधल्या काळात या बाबाने लेख लिहिता लिहिता नवीन होकायंत्रच बनवलं आणि १८७६ मध्ये पेटंटही घेतलं. (संपादकाचे हाल काय झाले असतील!) जुन्या होकायंत्रांतल्या सुया लांबलचक असायच्या, त्यांना दुरुस्त करायला लागणारे लोखंडी गोळे अवाढव्य, डेकवर मावायचे नाहीत. थॉमसनने रेशमी दोऱ्यांवर टांगलेल्या आठ आखूड, बारीक सुया वापरल्या. त्यामुळे गोळे छोटे पुरले आणि दुरुस्तीची सगळी सामग्री होकायंत्राच्या खांबातच बसली: खाली चुंबकांचे कप्पे, दोन बाजूंना गोळे, पुढे फ्लिंडर्स बार. जुन्या जहाजांच्या फोटोत होकायंत्राच्या खांबाला कानांसारखे दोन गोळे दिसतात ना, ते हेच. दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागणार हे त्याने गृहीत धरलं आणि ती करायला सोपं यंत्र बनवलं. या गृहस्थाबद्दलचा माझा आदर त्याच्या उष्णतेच्या नियमांपेक्षा या कप्प्यांमुळे जास्त आहे, हसायचं तर हसा.

आणि आज जहाजांवर जे चालतं ते दोन्ही पक्षांचं मिळून आहे. कंपास अ‍ॅडजस्टर येतो, जहाज गोल फिरवतात, तो चुंबक आणि गोळे सरकवतो. पण तिथे काम संपत नाही. दुरुस्तीनंतर जी चूक उरते ती पुन्हा प्रत्येक दिशेला मोजून कार्डावर लिहितात, तारीख आणि जागेसकट, आणि ते कार्ड ब्रिजवर लावतात. वर प्रत्येक वॉचला निदान एकदा सूर्य किंवा किनाऱ्यावरच्या खुणा बघून चूक तपासायची आणि वहीत लिहायची. मर्चंट नेव्हीतल्या कुठल्याही मित्राला विचारा, ही वही त्याने भरलेली असते (कंटाळत का होईना). जायरो आहे, जीपीएस आहे, तरी विजेशिवाय दिशा सांगणारं साधन प्रत्येक जहाजावर असलंच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि ते साधन बहुधा हेच असतं. बरं, जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतं. एकाच जागी उभे असताना तुमचं तोंड कुठे आहे ते त्याला कळत नाही.

आता खिशातून फोन काढा. त्यातही चुंबकीय सेन्सर आहे आणि भोवती स्पीकरचा चुंबक, बॅटरी, कव्हरच्या झाकणातला चुंबक, म्हणजे छोटंसं लोखंडी जहाजच. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर तेच करतं जे एअरीने केलं: कायमच्या चुंबकत्वासाठी एक ठरावीक आकडा वजा करायचा, मऊ लोखंडासाठी लंबगोलाचा गोल करणारा मॅट्रिक्स लावायचा. आपल्या क्षेत्रात यांना ‘हार्ड आयर्न’ आणि ‘सॉफ्ट आयर्न’ म्हणतात. नावंसुद्धा जहाजांवरूनच आलीत. फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवायला सांगतात, ते म्हणजे जहाज गोल फिरवणंच.

फक्त कार्ड नाही. उरलेली चूक किती, कुणी सांगत नाही. बाण दिसतो, एकदम ठाम, गुळगुळीत, सुंदर ॲनिमेशनसकट. माझी तक्रार इथे आहे. माहिती नसते असंही नाही! आयफोनची सिस्टीम अ‍ॅपला दिशेबरोबर ‘इतके अंश इकडे-तिकडे’ असा अंदाज देते. अँड्रॉइड निदान सेन्सर कितपत भरवशाचा आहे त्याची पायरी कळवतं. बहुतेक अ‍ॅप हे घेतात आणि फेकून देतात, कारण डिझाइनवाल्यांना स्क्रीन ‘क्लीन’ हवी असते. गूगल मॅप्समध्ये निळ्या टिंबापुढे जो प्रकाशाचा झोत दिसतो तो खात्री कमी असली की रुंद होतो, हा एक चांगला अपवाद. तेवढं तरी सगळ्यांनी करावं. बाणाऐवजी पाचर दाखवा. तिच्याखाली शेवटचं कॅलिब्रेशन कधी आणि कुठे झालं ते लिहा. दोन ओळींचं काम आहे, आणि ते टाळायला ‘युजरला गोंधळायला होतं’ हे कारण मला तरी पटत नाही. रात्रीच्या ट्रेकला ठाम चुकीचा बाण बघून कड्याच्या दिशेने निघालेला युजर गोंधळलेला नसतो, हीच तर अडचण आहे.

आणि सह्याद्री म्हणजे कास्त्रूला वसईला भेटला तोच पाषाण. उघड्या माथ्यांवर वीज पडून तो आणखी चुंबकीय झालेला असू शकतो. तेव्हा फोन असो की साधं होकायंत्र, कातळावर टेकवून वाचू नका, उभं राहून हातात धरा, गाडीपासून आणि पॉवर बँकपासून लांब. दहा पावलं सरकून पुन्हा वाचा. आणि उजेड असतानाच ओळखीची एक खूण पकडा: तोरण्यावर असाल तर राजगड. नकाशावर त्याची दिशा किती अंश येते ते बघा, फोन किती म्हणतोय ते बघा, आणि फरक वहीच्या मागच्या पानावर लिहा. शेजारी तारीख आणि जागा.